काठावरच्यांचे तारे

शाळेत आम्हाला पहिल्यांदा ‘माझे कुटुंब’ असं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा मी कागदभर निळा रंग फासला आणि त्यावर पांढरे तारे काढले. एक मोठा, बाकीचे लहान, आणि एक अगदी पुसट. बाईंनी कागद उचलून वर्गाला दाखवला आणि विचारलं, “हे कुटुंब आहे? मग आई कुठाय? वडील कुठायत?” मी मोठ्या ताऱ्यावर बोट ठेवून म्हटलं, “ही आई. बाबा यात नसतात.” बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांना वाटलं माझे वडील वारले. त्यांनी मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, वर एक गोळीही दिली. मी गोळी खाल्ली. संध्याकाळी घरी सांगितलं तर बाबा इतके हसले की ठसका लागला. “मेलो मी? बरा झाला, मला सांगितलास,” म्हणाले, आणि आईला हाक मारून पाणी मागितलं.

पुढे मी स्वतः चित्रकलेची शिक्षिका झाले, बोरिवलीच्या शाळेत आयुष्य घालवलं, आणि मुलांची शेकडो कुटुंबं पाहिली. कोपऱ्यात सूर्य, मध्ये घर, छपरावर तिरकं धुराडं, जे मुंबईत कुणीच घरावर पाहिलेलं नसतं. एखादं मूल दिवसाच्या चित्रातसुद्धा तारे काढतं. मी त्याला कधी खोडायला सांगितलं नाही. आता निवृत्त होऊन दहिसरच्या चौदाव्या मजल्यावर बसलेय, नात समोर रंग सांडून बसते आणि विचारते, “आजी, हा स्टार कोण आहे?” काय आहे असं नाही विचारत, कोण आहे असं विचारते. आमच्याच रक्ताची आहे, दुसरं काय.

तर ते तारे कसले, ते सांगते. मढच्या अलीकडे आमचा कोळीवाडा. बाबा नाखवा, म्हणजे स्वतःच्या बोटीचे मालक आणि सुकाणू धरणारे. बोटीचं नाव ‘पारूबाय’, माझ्या आजीचं. सगळ्या कोळीवाड्याच्या बोटींवर बाहेरून रंगरंगोटी असायची. मासे, मोर, कमळं, कुणाच्या बोटीला डोळे. आमची बोट बाहेरून साधी. पण आत, सुकाणू धरून बसणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर येईल अशी एक फळी होती, गडद निळी, आणि तिच्यावर घरच्यांचे तारे. घरच्यांचे म्हणजे काठावर राहणाऱ्यांचे. दर्यात जाणाऱ्या माणसाचा तारा नसायचा, तो बोटीवरच असतो, त्याचा कशाला काढायचा? तारा पाच टोकांचा, ब्रश न उचलता एका दमात काढलेला. बाबा मला शिकवताना सांगायचे, “ह्यो डोका, ह्ये दोन हात, ह्ये दोन पाय. हात वर करून काठावर उभा राहिलेला मानूस.” त्या दिवसापासून मला आकाशातले तारेसुद्धा कुणाची तरी वाट बघत उभे असलेले वाटतात, त्याला मी काय करू?

आईचा तारा मधोमध आणि सगळ्यात मोठा. आत्याचा तिच्या बाजूला. आत्या म्हणजे बाबांची विधवा बहीण, आमच्याकडेच राहायची, आणि तिचा तारा आईच्या ताऱ्यापेक्षा लहान का, यावरून तिचं नि बाबांचं दरवर्षी वाजायचं. मग माझा. मुलगा जन्मला तर त्याचाही निघायचा, पण तो मोठा होऊन पहिल्यांदा दर्यात निघाला की त्यानं स्वतःच्या हातानं आपल्या ताऱ्यावर निळा रंग मारायचा. मोरूदादानं, माझ्या मोठ्या भावानं, मारला तेव्हा आई डोळे पुसत होती आणि त्याच हातानं पेढे वाटत होती. आजी गेली तेव्हा तिचा तारा मात्र कुणी पुसला नाही आणि पुन्हा पांढराही केला नाही. खाऱ्या हवेनं पुसट होत गेला तसा होऊ दिला. आणि एक नियम: आपला तारा आपण काढायचा नाही. घरात नवं माणूस आलं, बाळ असो की सून, त्याचा तारा पुढच्या नारळी पुनवेच्या आधी बाबा काढायचे. तो निघाला की ते माणूस घरचं झालं. बारसं, लग्न, सगळं त्याच्या पुढं फिकं.

आता शालूवहिनी. ती घाटकोपरची, बौद्ध घरातली, सरकारी दवाखान्यात सिस्टर. मोरूदादाच्या तळव्यात गळ घुसला म्हणून तो दवाखान्यात गेला, आणि जखम भरून आली तरी जातच राहिला. “अरे, किती दिवस चालायचं तुझं ड्रेसिंग?” असं आई विचारायची आणि आत्या तोंडाला पदर लावून हसायची. बोटी पावसाळ्यासाठी काठावर ओढल्या त्याच सुमाराला दोघांनी वांद्र्याला जाऊन रजिस्टर लग्न केलं आणि एका दुपारी ती दारात उभी राहिली, हातात एक बॅग आणि एका पिशवीत बाजरीचं पीठ. आईनं भाकरतुकडा ओवाळून आत घेतलं. बाबा उठून जाळं विणायला बाहेर गेले. तोंडावर कुणी जात काढली नाही, पण नाव न घेताही घरभर तीच होती. वहिनीनं चहा दिला की बाबा म्हणायचे, “आताच झाला.” ताट वाढलं की, “भूक नाय.” मग थोड्या वेळानं आईनं वाढलं की जेवायचे. वहिनी दवाखान्यात भल्याभल्यांना सुया टोचायची, डॉक्टरांना उलट उत्तरं द्यायची, पण बाबांपुढं तिचा आवाज बसायचा. मला तिचा राग यायचा, ही अशी कशी गप्प बसते म्हणून, आणि त्याहून जास्त बाबांचा. कारण वहिनी मला आवडली होती. अगदी पहिल्याच दिवशी. तिनं मला आपल्या टोपीच्या पिना दिल्या होत्या आणि माझ्या केसातल्या उवा तोंडानं हूं की चूं न करता काढल्या होत्या.

घरात मात्र ती असल्यावर हसं फार. तांदळाची भाकरी तिला जमायची नाही, तव्यावर टाकेपर्यंत तिचे चार देश व्हायचे. आत्या म्हणायची, “भाकर केलीस का नकाशा?” मग वहिनीनं आपली बाजरीची थापली, आणि जवळ्याच्या चटणीबरोबर आत्यानं ‘चव बघते’ म्हणून अशी खाल्ली की दादाला उरली नाही. पावसाळ्यात ओली मासळी नसायची. सुके बोंबील, सुकट, डाळीत टाकलेले करंदीचे सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी. बाहेर पाऊस, आत चुलीवर बोंबील भाजल्याचा वास, वहिनीच्या साडीला डेटॉलचा वास, आणि रेडिओबरोबर दादा ओरडून गायचा म्हणून आई ओरडायची. मला आजही डेटॉलचा वास आला की भूक लागते. डॉक्टरला सांगितलं तर तो हसला. हसू दे.

श्रावण लागला आणि काठावर बोटी रंगायला लागल्या. ऑइलपेंट, टर्पेंटाइन, डांबर, ठोकाठोकी. मढच्या बंगल्यांवर सिनेमाचे शूटिंगवाले यायचे, त्यांच्या सेटचा उरलेला रंग आमच्या पोरांच्या हाती लागायचा, म्हणून त्या साली निम्मी बंदरपट्टी गुलाबी झाली होती. बाबांनी ‘पारूबाय’ला बाहेरून रंग दिला, तळाला डांबर दिलं, निळ्या फळीवर ताऱ्यांच्या मधून निळा हात मारला, आणि थांबले. दरवर्षी त्याच दिवशी ते तारे पांढरे करायचे. त्या साली म्हणाले, “उद्या.” दुसऱ्या दिवशीही उद्याच. ब्रश डब्यात वाळून काठीसारखा झाला. आम्ही सगळे त्या डब्याकडं वळून वळून बघायचो. कारण तारे काढायला बसले तर वहिनीचा काढायचा की नाही, हे जाहीर व्हायचं. आणि नाही काढला, तर दादा म्हणाला होता, “मग आमी घाटकोपरला जातंव. मी टेम्पो चालवीन.” हे तो हळू आवाजात बोलला होता, आणि मोरूदादा हळू बोलला की ते खरं असायचं. म्हणजे वहिनी जाणार, दादा जाणार, आणि बोटीवर बाबा एकटे. माझी झोप उडाली होती. आणि गंमत बघा, या सगळ्यात वहिनीलाच काही माहीत नव्हतं. तिला वाईट वाटेल म्हणून तिच्यासमोर ताऱ्यांचं नावच कुणी काढत नव्हतं. फळीवर तारे आहेत, घरच्या माणसांचे आहेत, एवढं तिनं बघितलं होतं. बाकी काठ, दर्या, निळा रंग, नियम, कुणीच तिला सांगितलं नाही.

पुनवेच्या आदल्या दिवशी मी अर्ध्या शाळेतून परत येत होते तर दुरूनच आत्याचा आवाज. आत्याचा आवाज तसा मार्व्यापर्यंत जायचा, पण त्या दिवशी वेगळाच. “अगो बाय बाय बाय! वाट लावलीस गो!” मी दप्तर छातीशी धरून पळत सुटले. आमच्या बोटीभोवती अर्धा कोळीवाडा जमला होता. बोटीत वहिनी, नाकावर पांढरा रंग, हातात एक्स-रेचा काळा कागद. दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेमधून तिनं कात्रीनं ताऱ्याचा आकार कापून आणला होता, तो फळीवर धरून कापसाच्या बोळ्यानं रंग ठोकला होता. आणि फळीवर, आईच्या ताऱ्याच्या शेजारी, पांढराशुभ्र, शिक्क्यासारखा सरळ एक नवा तारा.

माझ्या मनात आलं, हिनं स्वतःचाच काढला! मेलो आता सगळे. पण त्याहून वाईट होतं.

“कुनाचा काढलास? सांग सगल्यांना, कुनाचा?” आत्या कमरेवर हात ठेवून उभी.

“बाबांचा,” वहिनी म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं. “सगळ्यांचे आहेत ना, त्यांचाच नव्हता. ते सगळ्यांचे काढतात, मग त्यांचा कोण काढणार, असं वाटलं मला. उद्या सण आहे, म्हटलं खूश होतील.”

“खूश होतील? अगो, जो काठावर बसतो त्याचा तारा असतो! दर्यान जानाऱ्याचा नसतो! तू नाखव्याला घरा बसवलास, सगल्या गावासमोर!”

वहिनीचा चेहरा असा उतरला की मला रडूच आलं. आईनं कपाळाला हात लावला. दादा बोटीच्या कडेला धरून उभा, त्याला हसावं की रडावं कळेना. वहिनी घाईघाईनं टर्पेंटाइनचा बोळा भिजवायला लागली, “पुसते, पुसते, सॉरी, मला कुणी सांगितलंच नाही हो,” आणि तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

“हात नको लावू.”

गर्दी बाजूला झाली. बाबा बोटीत चढले. चढताना त्यांनी कडा आधी हातानं चाचपली. फळीसमोर बसले आणि तोंड पुढं नेलं, पुढं नेलं, इतकं की नाक रंगाला लागलं. मग बोटानं एकेक टोक चाचपत गेले. डोकं, हात, पाय. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, बरं का. गेल्या हंगामापासून माहीत होतं. त्यांना नीट दिसत नव्हतं, संध्याकाळच्या उजेडात तर काहीच नाही, चहा कपाच्या बाहेर ओतायचे आणि कपाला शिव्या द्यायचे. पण नाखव्याला ‘आता घरी बस’ असं म्हणणार कोण? आई रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी विसरल्यासारखं करायची.

बाबा वळले. नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका, वहिनीसारखाच. “मला वाटला, कोन तरी बोलल,” ते म्हणाले. “गेल्या साली खडकाच्या खुनेचा तरंगता पिंप समोर आला, मला दिसला नाय. मोऱ्यानं सुकानू फिरवला म्हनून वाचलो. मी म्हटला, आता मोऱ्या बोलल. नाय बोलला. म्हटला, बायको बोलल.”

“कोन बोलनार तुमाला?” आईचा बांध फुटला. “बोलला तर ताट भिरकावतास!”

“एकदाच भिरकावला.”

“दोनदा!” आत्या म्हणाली, आणि गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. बाबाही.

“तारे काढायला बसलो तर रेघच दिसत नाय,” ते म्हणाले. आता ते वहिनीकडे बघत होते, म्हणजे जिथून तिचा आवाज आला होता तिकडे. “म्हनून उद्या, उद्या करत होतो. राग पन होता. खोटा कशाला बोलू? तुझा राग होता. पोरानं न इचारता केला, आनि तू आमच्यातली नाय, त्याचा पन होता. पन रागापायी मी बायकोचा तारा सोडीन? हिचा नाय काढला तर ही मला जेवू घालल?”

वहिनी रडत होती आणि हसत होती. “बाबा, मी खरंच मुद्दाम नाही केलं.”

“मुद्दाम केला असतास तर पुसून टाकला असता,” बाबा म्हणाले. “राहू दे. सरल आहे. माझ्यापेक्षा सरल.” मग इकडेतिकडे मान फिरवून ओरडले, “हिरे! कुठं हाय ती? ब्रश घे.”

हिरा म्हणजे मी. मी दप्तर वाळूत टाकलं आणि बोटीत उडी मारली. ब्रश वाळलेला, दादानं तो टर्पेंटाइनमध्ये चोळचोळून मऊ केला. मी विचारलं, “आधी आईचा ताजा करू?”

“नाय. आधी घरान नवीन आली तिचा.”

असं ते अगदी सहज म्हणाले, मिठाची बरणी मागावी तसं. मी आजवर इतकी चित्रं काढली, मुलांना बक्षिसं मिळवून दिली, माझीही थोडी चित्रं लोकांनी भिंतीवर लावली, पण त्या ताऱ्याइतकी जपून एकही रेघ ओढली नाही. बाबा पाठीमागून बोलत होते. “डोका. आता खाली पाय. उचलू नको. उचललास तर मानूस तुटतो. वर हात, आडवा जा, आता दुसरा पाय, आनि परत डोक्याला.” मी उचलला नाही. पण तारा झाला तो तिरका, एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब.

“लंगडी झाली गो सून!” आत्या ओरडली.

“असू दे,” वहिनी नाक पुसत म्हणाली. “ड्युटी करून पाय दुखतातच माझे.”

बाबांनी त्या ताऱ्याजवळ तोंड नेऊन बघितलं, मान हलवली, आणि बोटीतून उतरता उतरता म्हणाले, “सिस्टर, घरा जाऊन चाय टाक. साखर कमी नको.” तो चहा त्यांनी पायरीवर बसून, सगळ्यांना दिसेल असा, फुंकून फुंकून प्यायला. पुढच्या थंडीत वहिनीनंच त्यांना आपल्या दवाखान्यात नेऊन दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून आणले, आणि नीट दिसायला लागलं तसे ते पुन्हा दर्यात जायची भाषा करायला लागले. पण तोवर सुकाणू दादाच्या हातात बसलं होतं आणि बाबांच्या ताऱ्यावर निळा रंग मारायची कुणाचीच तयारी नव्हती, त्यांची स्वतःचीसुद्धा नाही. मी चित्र शिकवताना मुलांना सममिती शिकवली, प्रमाण शिकवलं, पण एखाद्याच्या चित्रात घरातलं एक माणूस तिरकं आलं की माझा हात खोडरबराकडे गेला नाही, त्याचं कारण हे.

त्या साली नारळी पुनवेला नारळ सोनेरी कागद लावून वाजतगाजत दर्याला दिला, नारळीभात झाला, करंज्या झाल्या, दादा नाचून नाचून घोगरा झाला. आणि मग बोटी निघायचा दिवस उजाडला. आईनं बोटीला कुंकू लावलं. दादानं सुकाणू धरलं, समोरच्या फळीकडे एकदा बघितलं आणि आमच्याकडे बघून दात काढले. इंजिनं फटफटली, एकेक करून बोटी पाण्यात गेल्या, पोरं गुडघाभर पाण्यात धावत ओरडत होती. बाबा हात वर करून ओरडत होते, “डावीकडं घे! अरे, डावीकडं!” दादाला काही ऐकू जात नव्हतं, आणि बरोबरच जात होता तो.

बोटी लहान झाल्या तशा बायका वळल्या. आई तर सगळ्यात आधी वळली. तिनं टोपल्या उचलल्या, आत्याला हाक मारली आणि चालायला लागली, मागं बघितलंसुद्धा नाही. जन्मभर हेच केलेलं, तिला ठाऊक होतं काय करायचं ते. काठ रिकामा झाला. बाबा एकटे उभे, हात अजून अर्धवट वर. त्यांच्या मागं जरा अंतरावर वहिनी, ड्युटीला जायची साडी नेसलेली, तीही तशीच उभी. तिनं बोटी निघताना याआधी कधी पाहिल्याच नव्हत्या. मी दोघांच्या मध्ये.

बऱ्याच वेळानं बाबांनी हात खाली घेतला आणि मागं न बघता विचारलं, “आता काय करायचा असतो?”

मी काही बोलणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, “मला काय माहीत, बाबा? माझाही पहिलाच दिवस आहे.”

बाबा वळले. तिच्या आवाजाच्या दिशेनं एक-दोन पावलं आले, वाळूत खाली बसले, आणि शेजारचे शिंपले हातानं चाचपून बाजूला करत म्हणाले, “बस गो. दोघां मिलून बघू.”